किल्ला अजून ड्यूटीवर आहे: ठाण्यातले तीन दिवस

शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४

नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेसमध्ये चढलो तेव्हा डब्यात एकच विषय चालला होता. आदल्या रात्री डॉ. मनमोहन सिंग गेले होते, सात दिवसांचा दुखवटा जाहीर झाला होता. माझ्या डोक्यात मात्र स्वार्थी चिंता. दुखवटा म्हणजे सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे बघायला निघालो ते सगळं कुलपात, असं तर होणार नाही ना?

बघायला काय निघालो होतो, ते सांगताना घरी जरा अवघडच गेलं होतं. २८ डिसेंबर १७७४ रोजी इंग्रजांनी मराठ्यांकडून ठाण्याचा किल्ला घेतला. उद्या त्याला बरोबर अडीचशे वर्षं होतात. विजयाची अडीचशे वर्षं असती तर मंडप पडले असते. पराभवाची कोण साजरी करतो? "तू," असं बायको म्हणाली आणि तिने डबा भरून दिला.

ठाण्यात माझा मामा राहतो, चरईत. चाळीस वर्षं तिथेच. बेत फोनवर सांगितला तर म्हणाला, "कुठला किल्ला? ठाण्यात जेल आहे." मी म्हटलं, तेच. तो थोडा वेळ गप्प, मग, "अरे, मी रोज सकाळी त्याच्या भिंतीकडेने फिरायला जातो." एवढं बोलून त्याने स्वतःला या मोहिमेत भरती करून घेतलं.

मामाबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं प्रवासवर्णन त्याने हायजॅक केलेलं आहे. १९७२ साली नौदलात गेला, पंधरा वर्षं काढली. एकाहत्तरचं युद्ध एका वर्षाने हुकलं ही त्याची कायमची खंत. काम स्टोकरचं, म्हणजे जहाजाच्या पोटात. त्यातली तीन वर्षं विक्रांतवर. चार बॉयलर, दोन शाफ्ट, आणि उकाडा इतका की डेकवर आल्यावर मुंबईचा मे महिना गार वाटायचा, असं तो सांगतो. २०१४ साली विक्रांत मुंबईच्या दारूखान्यात, म्हणजे जहाजं तोडायच्या धक्क्यावर, तोडायला घेतली तेव्हा तो लोकलने जाऊन लांबून बघून आला होता. तिच्या पोलादातून पुढे मोटारसायकली निघाल्या. माझ्या मामेभावाने त्यातली एक घ्यायचं म्हटल्यावर घरात तीन दिवस अबोला होता.

ठाण्याला उतरल्यावर पहिलं काम मामलेदार मिसळ. नाशिककराने परगावच्या मिसळीबद्दल बोलू नये हे मला कळतं. आमच्याकडे मिसळ म्हणजे पापड, दही, बाहेर झोपाळा आणि झाडाखाली सेल्फी असा सोहळा असतो. इथे एक वाटी, पाव, आणि कानाच्या पाळीपर्यंत चढणारं तिखट. मला आवडली. तेवढं घरी कळवू नका.

दुपारी कौपिनेश्वर. जांभळी नाक्याच्या भाजीबाजारातून वाट काढत, मेथीच्या जुड्या आणि टेम्पोच्या मधून, एकदम मासुंदा तलावाच्या काठाला देवळाच्या आवारात शिरतो आपण. आत चार फुटांहून उंच शिवलिंग. एवढं मोठं लिंग एरवी बघण्यात येत नाही. लोक हात लांब करून बेल वाहतात. ठाणे म्हणजे शिलाहारांचं श्रीस्थानक, उत्तर कोकणच्या त्यांच्या राज्याची राजधानी. आवारात ब्रह्मदेवाचंही देऊळ आहे, जे आपल्याकडे विरळाच. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. हे देऊळ आज उभं आहे ते १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधून काढलं म्हणून.

"हा कोण?" मामा.

मी सांगितलं. पेशव्यांचा उत्तर कोकणातला सरसुभेदार. १७५५ साली मुंबईकर इंग्रजांशी तह करून मराठ्यांच्या आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्यावर संयुक्त मोहीम काढली, ती पेशव्यांच्या वतीने यानेच. आधी सुवर्णदुर्ग गेला. मग फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि तुळाजीचं आख्खं आरमार बंदरात जळालं.

मामा नमस्काराला जोडलेले हात खाली घेऊन माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे ज्याने मराठ्यांचं आरमार जाळायला लावलं, त्याने चार वर्षांनी हे देऊळ बांधलं?"

मी जरा समजुतीच्या सुरात म्हटलं, की मामा, तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हता, आणि हुकूम तर नानासाहेब पेशव्यांचा. रामाजीपंत नोकर माणूस.

"नोकर मी पण होतो," मामा म्हणाला, आणि पिंडीला नमस्कार न करताच प्रदक्षिणेला लागला. प्रदक्षिणा संपल्यावर मात्र केला. देवाचा काय दोष?

संध्याकाळी मराठी ग्रंथसंग्रहालयात गेलो. १८९३ साली स्थापन झालेली ही संस्था. बाहेर स्टेशनकडे धावणारी गर्दी आणि आत पानं उलटल्याचा आवाज. ठाणे जिल्ह्याचं १८८२चं सरकारी गॅझेटियर मी फोनमध्ये घेऊन फिरत होतो, पण ते ग्रंथालयात बसून वाचलं की जास्त खरं वाटतं. काही जणांना मंदिरातच जप जमतो, तसं. किल्ल्याची हकीकत थोडक्यात अशी. पोर्तुगिजांनी १७३०च्या दशकात तो बांधायला घेतला. तो पुरा होण्याआधीच मार्च १७३७ मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने ठाणं घेतलं. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगीज सेनापती पेद्रो दि मेलो ते परत घ्यायला आला आणि तोफेच्या गोळ्याने मेला. मग १७३९ला वसई पडली. एकूण सदतीस वर्षं किल्ला मराठ्यांकडे होता, आणि मग १७७४चा डिसेंबर उजाडला.

रात्री जेवताना विषय निघालाच. मामी अलिबागची. तिने बोंबलाचं कालवण वाढता वाढता सुनावलं, "आंग्र्यांना नावं ठेवायची नाहीत."

"ठेवतच नाहीये," मामा म्हणाला. "पण तुमचा अलिबागचा मानाजी तरी कुठे तुळाजीच्या बाजूने होता? सावत्र भाऊ ना तो? तो पेशव्यांकडे."

मामीने उत्तर दिलं नाही. फक्त मामाच्या ताटात कालवण दुसऱ्यांदा पडलं नाही.

झोपताना हिशेब केला. अडीचशे वर्षांपूर्वी याच रात्री, २७ तारखेला, इंग्रजांनी खंदक बुजवून आत घुसायचा प्रयत्न केला होता. मराठ्यांनी तो हाणून पाडला. शंभराच्या आसपास गोरे मेले किंवा जखमी झाले. म्हणजे आजची रात्र आपली होती. बाल्कनीतून बाहेर बघितलं, कुणाच्या तरी लग्नाची वरात चालली होती.

शनिवार, २८ डिसेंबर

सकाळी सहाला मामा पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तयार. खारकर आळीच्या बाजूने जेलच्या भिंतीपाशी आलो. थंडी म्हणावी अशी नव्हती, पण खाडीकडून वारा होता.

एरवी किल्ला बघायचा म्हणजे चढायचं, धापा टाकायच्या, पडक्या तटावर पाय सोडून बसायचं आणि 'इथे सचिन आणि पूजा' असं कोरलेलं वाचायचं. ठाण्याच्या किल्ल्यात यातलं काहीच करता येत नाही. काळ्या दगडाची भिंत सरळ रस्त्याच्या कडेने जाते, मधेच बुरुजासारखी पोटात फुगते, पुन्हा सरळ होते. फोटो काढायला बंदी, आत जायला तर अर्थात परवानगी. भिंतीच्या अलीकडे चहाची टपरी, दुचाक्या, भेटीसाठी आलेल्या बायका-पोरांची रांग, वकिलांच्या फाइली. आणि गंमत म्हणजे, जिल्ह्यातल्या बहुतेक किल्ल्यांचा चुना झालेला असताना हा मात्र उभा आहे. कारण त्याला कधी कुणी रिटायर केलंच नाही. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, आता महाराष्ट्र शासन. मालक बदलले, पण किल्ला ड्यूटीवरच आहे.

मामाचं लक्ष मात्र भिंतीकडे नव्हतं. तो जवळच्या एका सरकारी इमारतीवरचा झेंडा बघत होता. दुखवट्यामुळे तो अर्ध्यावर होता. "अर्ध्यावर आणताना आधी पार वर न्यायचा, मग खाली. उतरवताना पण आधी वर," तो म्हणाला. "डायरेक्ट अर्ध्यावर बांधला की झेंडा नाही, वाळत घातलेला टॉवेल." इथे नीट केलं होतं की नाही ते आम्हाला कळायला मार्ग नव्हता, पण मामाने बराच वेळ मान वर करून अंदाज घेतला.

टपरीवर चहा घेत मी त्याला वेढा सांगितला. १२ डिसेंबर १७७४ला मुंबईहून फौज निघाली. सहाशेवर गोरे, हजारभर शिपाई, वर तोफखान्याचे लस्कर, म्हणजे तोफांवरचे मदतनीस. सेनापती जनरल गॉर्डन, आणि बरोबर बॉम्बे मरीनचा, म्हणजे कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचा, कमोडोर जॉन वॉटसन.

"परत वॉटसन?"

हा वेगळा. विजयदुर्गाचा वॉटसन १७५७लाच कलकत्त्यात मेला. हा ठाण्यात मेला. वेढ्यात तोफेचा गोळा त्याच्या शेजारी वाळूत पडला आणि उसळलेल्या वाळूचे कण त्याच्या अंगात घुसले. त्यातच तो गेला. गोळा लागलाच नाही, वाळू लागली. हे ऐकून मामाने चहाचा ग्लास खाली ठेवला. बॉयलर रूममध्ये वाफेची नळी फुटली तर काय होतं, ते त्याने मला सांगितलं. ते इथे लिहीत नाही.

२८च्या संध्याकाळी दुसरा हल्ला झाला आणि किल्ला पडला. आतली बरीचशी शिबंदी कापली गेली. ठाण्याबरोबर साष्टी बेट गेलं ते गेलंच. पुरंदरच्या तहात परत आलं नाही, १७८२च्या सालबाईच्या तहातही नाही.

"आणि ही फौज मुंबईहून इथपर्यंत खाडीतून आली," मामा म्हणाला. "अडवायला एक गलबत नाही?" मग स्वतःच, "असणार कुठून? अठरा वर्षांपूर्वी जाळलं ना."

इतिहासकार म्हणतील की इतकं सोपं नसतं. पेशव्यांचं आरमार तेव्हाही होतं, विजयदुर्गालाच होतं. नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यात सगळा गोंधळ चालला होता, तेही कारण होतं. मी हे सगळं मामाला सांगितलं. पण खरं सांगायचं तर ग्रंथालयात बसून मलाही जे जोडता आलं नव्हतं, ते त्याने टपरीवर जोडलं.

भिंतीला लागून अर्धा तास चाललो. या एका आवारात काय काय गाडलेलं आहे! १७८७ साली इंग्रज इथे नवीन बांधकामासाठी खणत होते तेव्हा ताम्रपट सापडले. शके ९३९चे, म्हणजे इसवी सन १०१७चे, शिलाहार राजा अरिकेसरीचे. त्यांचं भाषांतर पुढच्या वर्षी कलकत्त्यात छापून आलं. जुने लेख वाचायचा उद्योग या देशात तेव्हा कुठे सुरू होत होता, आणि सुरुवातीच्या मालात ठाण्याच्या किल्ल्यातला हा पत्रा होता. पराभव झाला म्हणून खणलं, खणलं म्हणून सापडलं. याचं काय करायचं मला कळत नाही.

त्र्यंबकजी डेंगळ्यांची गोष्ट मामाला सर्वांत आवडली. ते दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी. बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाबद्दल इंग्रजांनी त्र्यंबकजींना इथे आणून ठेवलं. पहारा सगळा गोऱ्यांचा. देशी शिपाई फितूर होतील म्हणून. नेमकं तिथेच फसलं. किल्ल्यात एका साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार होता, मराठी. तो त्र्यंबकजींच्या खिडकीखाली घोड्याला खरारा करत गाणं म्हणायचा. गाण्यात सगळा निरोप, कुठून निघायचं, कुठे घोडे उभे आहेत. गोरा पहारेकरी ऐकत उभा, त्याला वाटलं गडी कामात रमलाय. १२ सप्टेंबर १८१६च्या पावसाळी रात्री त्र्यंबकजी पसार झाले. कारागृहाच्या सुरक्षेत मराठी येणारा एक माणूस असता तर इतिहास बदलला असता, असं म्हणायला हरकत नाही.

"कुठलं गाणं असेल?" मामाने विचारलं. शब्द मराठीत राहिलेले नाहीत. एका इंग्रज बिशपने त्यावरून इंग्रजीत कविता केली, तेवढीच उरली. मामा पुढची पाच मिनिटं काहीतरी गुणगुणत चालला. आम्ही एका वळणावर आलो आणि पहाऱ्यावरच्या शिपायाने आमच्याकडे जरा रोखून बघितलं. भिंतीकडे बोटं दाखवत, गुणगुणत चाललेले दोन पुरुष. त्याचंही चुकलं नाही.

पुढची दोन नावं आली तेव्हा मात्र गुणगुणणं थांबलं. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे राघोजी भांगरे, त्यांना इथे २ मे १८४८ रोजी फाशी दिलं. आणि १९ एप्रिल १९१०ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे, विनायक देशपांडे. कान्हेरे अठरा वर्षांचे होते. नाशिकच्या विजयानंद थिएटरात त्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, त्या जागेवरून मी भाजी आणायला जातो. गोष्टीची सुरुवात माझ्या गल्लीत आणि शेवट मामाच्या. मृतदेह नातेवाइकांना दिले नाहीत, इथेच खाडीकाठी जाळले. आम्ही दोघं थोडा वेळ भिंतीकडे बघत उभे राहिलो, मग मामा म्हणाला, "चल, ऊन व्हायला लागलं."

दुपारी नवी मुंबई. ठाण्याच्या ट्रान्सहार्बर फलाटावरून ऐरोली. सेक्टर १५मधलं डॉ. आंबेडकर स्मारक हे या तीन दिवसांतलं एकमेव ठिकाण, जिथे रीतसर संग्रहालयासारखं काही होतं. छायाचित्रांचं दालन, ग्रंथालय, ध्यानकेंद्र, गार एसी. बायको-पोरांसह आलेली कुटुंबं, आणि चष्मा कपाळावर ढकलून मजकूर शब्दन्‌शब्द वाचणारे आजोबा. मामाचं लक्ष रामजी सकपाळांकडे. सुभेदार होते, लष्कराच्या शाळेत शिकवायचे. "सुभेदार म्हणजे काय हे आर्मीवाल्याला विचार," तो म्हणाला. "आख्खी पलटण त्यांच्या जिवावर चालते. ऑफिसर येतात आणि जातात." इथून निघायला उशीर झाला, त्याचं बेलापूरला नुकसान झालं.

बेलापूर स्टेशनवर रिक्षावाल्याला 'किल्ला' म्हटलं तर त्याने विचारलं, "किल्ला जंक्शन?" आख्ख्या शहरात किल्ला म्हणजे सिग्नल. सिद्दींनी १५६०च्या दशकात बांधायला घेतलेला, १६८२ला पोर्तुगिजांनी घेतलेला, मग चिमाजीअप्पांच्या वेळी मराठ्यांकडे आलेला हा किल्ला. जिंकला तर अमृतेश्वराला बेलाची माळ वाहीन असं अप्पा बोलले, म्हणून बेलापूर, अशी कथा सांगतात. एके काळी इथे १८० माणसांच्या चार तुकड्या आणि १४ तोफा असायच्या. आता उतरत्या उन्हात एक बुरूज, पडकी भिंत, झाडोरा, आणि मागे पनवेलच्या खाडीवरचे उंच टॉवर. एक जोडपं आम्हाला बघून दुसऱ्या बाजूला सरकलं.

हा किल्ला इंग्रजांनी घेतला २३ जून १८१७ला. त्याच्या दहाच दिवस आधी बाजीरावाने पुण्याचा तह केला होता, आणि तो करायला लावला त्यामागे त्र्यंबकजी निसटल्याचं प्रकरण. म्हणजे सकाळी ठाण्याला ज्या गाण्यावर आम्ही हसलो, त्याचं बिल बेलापूरने भरलं. मी हे मोठ्या थाटात मामाला सांगितलं, पण तो दमला होता. "माणूस सुटला ना?" एवढंच म्हणाला.

जासई राहून गेलं. सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये लढा झाला, गोळीबारात पाच शेतकरी गेले. ज्या शहरात आम्ही दिवसभर फिरलो ते ज्यांच्या शेतांवर उभं आहे, त्यांचं स्मारक बघायला अंधार पडला, ही आमचीच चूक. सकाळी टपरीवर दोन चहा कमी घ्यायला हवे होते.

रविवार, २९ डिसेंबर

आज कल्याण. मामा म्हणाला, स्लो लोकल घेऊ, निवांत बघत जाता येतं. कळव्याकडे जाताना ठाण्याची खाडी ओलांडतो, तिथे मी दर वेळी खिडकीशी जातो. १६ एप्रिल १८५३ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतच आली, पुढे खाडी आडवी. पूल बांधून कल्याणला पोचायला १ मे १८५४ उजाडला. आता पूल ओलांडायला मिनिटही लागत नाही, आणि तेवढ्यात बाजूच्या सीटवरच्या बाईंनी तीन शेंगांचे वाटाणे सोलले.

कल्याणात आधी सुभेदारवाडा. इथे आता शाळा भरते, रविवार म्हणून शुकशुकाट. मूळ वाडा १७६९चा. कुणी बांधला असेल? मी पाटी न वाचताच मामाकडे बघितलं.

"तोच?"

तोच. रामाजी महादेव बिवलकर. मामाने कपाळाला हात लावला. "हा माणूस आपल्या मागे लागलाय."

दुर्गाडी किल्ला खाडीच्या काठावर, टेकडीवजा. वर देवीचं देऊळ, दर्शनाला रांग, खाली नारळ-फुलांच्या टोपल्या. तटबंदीचे थोडे अवशेष. बघण्यासारखं म्हणाल तर फार नाही. पण वरून खाडी दिसली की कळतं, जागा का निवडली. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. हे नुसतं शहर नव्हतं, ही समुद्राकडे उघडणारी खिडकी होती. आरमाराची सुरुवात इथे झाली. रुय लैतांव व्हिएगस नावाचा पोर्तुगीज कारागीर, त्याचा मुलगा, आणि त्यांच्या हाताखालची तीनशे चाळीस माणसं महाराजांसाठी वीस जहाजं बांधत होती, १६५९च्या सुमाराला. वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने त्यांना फूस लावली आणि सगळे काम टाकून पळून गेले.

"कॉन्ट्रॅक्टर पळाला," मामा म्हणाला. "मग?"

मग महाराजांनी आपल्या माणसांकडून बांधून घेतली. मामाने खूश होऊन खाडीकडे हात केला, जणू त्यानेच रिव्हेट मारले होते. रिव्हेट तेव्हा नव्हते, लाकडाची जहाजं, पण मी दुरुस्ती केली नाही.

आणि मग खाली उतरलो तर ती.

टी-८०. नौदलातून निवृत्त झाल्यावर कल्याणच्या खाडीकाठी, महाराजांच्या आरमाराच्या आठवणीसाठी आणून ठेवलेली. आम्ही गेलो तेव्हा कुंपणाच्या बाहेरूनच बघावं लागलं. माझ्या नजरेला ती एक राखाडी, अणकुचीदार, जरा लहानशीच बोट होती. पंचवीसेक मीटर लांब.

"बोट नाही," मामा म्हणाला, पण नेहमीच्या जोरात नाही.

तो कुंपणाच्या कडेकडेने मागच्या टोकाशी गेला. मीही गेलो. मला वाटलं होतं तो तोफ बघेल, पूल बघेल, म्हणजे जिथे कॅप्टन उभा राहतो ती जागा. स्टोकर माणूस, तो बुडखा बघायला गेला. तिथून तो मला समजावू लागला. ही सुपर द्वोरा जातीची, इस्रायलमध्ये बांधलेली, १९९८ साली नौदलात आली. उथळ पाण्यात, किनाऱ्याला लागून पळणाऱ्यांना पकडायला. हिचे पंखे पूर्ण पाण्याखाली नसतात, अर्धे पाण्याबाहेर फिरतात, म्हणून उथळात रुतत नाही आणि वेग चाळीस नॉट्सच्या वर जातो. "विक्रांत कागदावर चोवीस-पंचवीस," तो म्हणाला. "चार बॉयलर, हजारावर माणसं, आणि चोवीस-पंचवीस. ही पोरगी चाळीसच्या वर."

मी विचारलं, तू अशीवर कधी होतास का? नाही, त्याच्या वेळी असल्या नव्हत्या. तो सुटल्यावर अकरा वर्षांनी ही आली.

मग त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला, आणि बराच वेळ एकाच जागी बघत राहिला. मला तिथे काहीच दिसेना. "पाण्याची रेघ बघ," तो म्हणाला. जहाज तरंगताना पाणी जिथपर्यंत येतं तिथे रंग बदलतो. त्या रेघेच्या खालचा भाग कुणी बघत नाही, तो कायम पाण्यात. "पंधरा वर्षं मी त्या रेघेच्या खाली काम केलं. ड्राय डॉक सोडला तर ती बाजू बाहेरून बघायला मिळत नाही. आणि ही बघ, सगळी उघडी." शेजारी एक लहान मुलगा कुंपणाच्या जाळीला लटकून वडिलांना विचारत होता, ही चालते का. वडील म्हणाले, नाही, बंद पडलीय. मामाने त्या वडिलांकडे अशी काही मान वळवली की मी त्याला चहा घेऊ म्हणून बाजूला नेलं.

चहा पिताना त्याने अचानक विचारलं, "अडीचशे वर्षांपूर्वी ठाण्याला आतले लोक होते, त्यांना माहीत असेल का रे, मदत येणार नाही म्हणून?" मला माहीत नव्हतं. तसं सांगितलं. त्याने मान हलवली आणि वडापाव मागवला, दोन, एकात लसणाची चटणी जास्त.

परतीची पंचवटी कल्याणला सव्वासातच्या सुमाराला. मामा मला सोडायला फलाटावर आला. गाडी यायला वेळ होता म्हणून त्याने फोन काढला आणि कोचीला एका जुन्या शिपमेटला लावला. दोघांचं बोलणं हिंदीत, मोठ्याने, शेजारच्या बाकावर ऐकू जाईल असं. "हाँ, टी-एट्टी। कल्याण में। अरे, कल्याण... नहीं, पानी में नहीं, पानी के बाहर! पूरा प्रोपेलर दिख रहा है!" पलीकडून काहीतरी आलं, मामा खदाखदा हसला. गाडी आली, मी डबा शोधून चढलो, बॅग वर टाकली, खिडकीतून हात केला. तो पाठ करून उभा होता. फोन कानाला, आणि मोकळ्या हाताने हवेत तो शिपमेटला अर्धे पाण्याबाहेरचे पंखे कसे फिरतात ते दाखवत होता.